कंपनीच्या पोटातलं स्टार्टअप : ‘हो’ कोण म्हणणार आणि ‘बंद करा’ कोण म्हणणार?

वळचण

मोठ्या कंपनीत राहून नवा धंदा उभा करायचा प्रयत्न ज्यांनी केलाय, किंवा अशा प्रयत्नांवर देखरेख ठेवायचं काम ज्यांच्याकडे होतं, त्या सगळ्यांसाठी हा धागा. मला मदत हवी आहे. आधी झालं काय ते सांगते.

आमची कंपनी औद्योगिक कॉम्प्रेसर बनवते. काही वर्षांपूर्वी वरून ठरलं की कॉम्प्रेसरवर सेन्सर बसवायचे, बिघाडाची आगाऊ सूचना द्यायची आणि त्या सेवेचे दरमहा पैसे घ्यायचे. नऊ जणांची टीम, मी प्रमुख, दोन वर्षांचं बजेट मंजूर. पहिल्याच दिवशी आम्हाला सांगितलं गेलं की तुम्ही स्टार्टअप आहात, स्टार्टअपसारखं वागा. आम्ही अगदी मनापासून कामाला लागलो.

पहिल्या पायलटला चाळीस व्हायब्रेशन सेन्सर लागणार होते. आम्हाला हवा तसा सेन्सर बनवणारी कंपनी दोनच वर्षांची होती. आमच्या परचेसच्या नियमाप्रमाणे तीन कोटेशनं लागतात आणि नव्या व्हेंडरचे (पुरवठादाराचे) तीन वर्षांचे ताळेबंद लागतात. दोन वर्षांची कंपनी तीन वर्षांचे ताळेबंद आणणार कुठून? मग अपवादाची फाईल निघाली. परचेस, क्वालिटी, फायनान्स, लीगल, आणि परत परचेस. अकरा आठवडे. यात कुणीही मुद्दाम अडवलं नाही, ज्याने त्याने आपलं काम चोख केलं. पण त्या अकरा आठवड्यांत ग्राहकाच्या प्लांटचा वार्षिक शटडाऊन होऊन गेला. सेन्सरसाठी मशीनच्या हाऊसिंगला (बाहेरच्या कवचाला) ड्रिल मारावं लागणार होतं, ते चालत्या मशीनवर करता येत नाही. पुढचा शटडाऊन थेट वर्षभराने. म्हणजे दोन वर्षांतलं एक वर्ष एका व्हेंडर कोडपायी गेलं.

दुसरं, महिन्याचा रिव्ह्यू. इतर सगळ्या विभागांना जो तक्ता असतो तोच आम्हाला. विक्री, मार्जिन, थकबाकी, बाजारातला वाटा. सात महिने मी त्या चार रकान्यांत शून्य भरत होते. त्याच सात महिन्यांत आम्हाला कळलं होतं की बेअरिंग जायच्या किती आधी कंपनं बदलायला लागतात. इशारा मिळाला तरी ग्राहकाचा मेंटेनन्स इंजिनिअर मशीन थांबवायला का कचरतो, हेही कळलं होतं (उत्पादन थांबल्याचा जाब त्यालाच द्यावा लागतो). धंद्याच्या दृष्टीने हीच आमची खरी कमाई होती, पण तिच्यासाठी तक्त्यात रकाना नव्हता.

आणि तिसरं, समिती. सात सदस्य. सातांपैकी कुणीही एक जण काम थांबवू शकत होता, आणि एकट्याने ‘हो’ म्हणायचा अधिकार कुणालाच नव्हता. त्यात सुट्या भागांच्या विभागाचे प्रमुख होते. आमचा धंदा चालला तर मशीन कमी बिघडणार, मग सुटे भाग कमी खपणार, आणि त्यांचं वर्षाचं टार्गेट सगळं सुट्या भागांवर. माणूस सज्जन, माझ्याशी नेहमी नीट वागले. पण त्यांना त्या खुर्चीत बसवणं त्यांच्यावरही अन्याय होता.

शेवटी आम्हाला कुणी बंदही केलं नाही. पुढच्या वर्षाच्या बजेटात आमची ओळच आली नाही, एवढंच. चार महिने ‘होल्ड’ हा शब्द ऐकत काढले आणि मग एकेक जण जागा मिळेल तिथे गेला.

आता कंपनी पुन्हा असा प्रयत्न करतेय, आणि त्याचा कारभार कसा चालावा याची चौकट लिहायचं काम माझ्याकडे आलंय. माझं मत असं बनलंय की असे प्रयत्न पैशाअभावी कमी मरतात. कोणता प्रश्न कुणी आणि कधी विचारायचा हे आधी ठरलेलं नसतं, त्याने जास्त मरतात. पण हे मत एका अपयशातून आलंय, म्हणून विचारते. तुम्ही काय पाहिलंत?

जुना_टर्मिनल

चांगला विषय काढलात. तुमच्या मसुद्यावर पहिली सूचना येईल ती ‘स्कंक वर्क्ससारखं करा’ ही. म्हणून त्याबद्दल थोडं लिहितो, कारण ते नाव घेणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी त्याचे नियम वाचलेले असतात.

लॉकहीड या अमेरिकन विमान कंपनीत १९४३ साली अभियंते केली जॉन्सन यांनी एक छोटा गट वेगळा काढला, तोच स्कंक वर्क्स, आणि एक्सपी-८० या जेट विमानाचा नमुना १४३ दिवसांत उभा केला. लोकांना यातून आठवतं ते एवढंच, की नियम झुगारले म्हणून काम झालं. पण जॉन्सन यांचे स्वतःचे १४ नियम होते. पहिला नियम म्हणतो की प्रकल्पप्रमुखाकडे जवळपास संपूर्ण ताबा हवा आणि त्याने विभागाच्या अध्यक्षाला किंवा त्याहून वरच्यालाच उत्तर द्यावं. दुसऱ्या एका नियमात प्रकल्पाशी संबंध येणाऱ्या माणसांची संख्या निर्दयपणे कमी ठेवायला सांगितलंय, नेहमीच्या पद्धतीच्या तुलनेत १० ते २५ टक्के. तुमच्या फाईलचा प्रवास आठवून हा नियम पुन्हा वाचा.

माझ्या मते मात्र खरा नियम सहावा. दर महिन्याला खर्चाचा आढावा घ्यायचा, आणि त्यात झालेला खर्च, कबूल केलेला खर्च आणि काम पूर्ण होईपर्यंत लागणारा अंदाजित खर्च असे तिन्ही आकडे मांडायचे. त्याच्या आधीचा, पाचवा नियम : अहवाल कमीत कमी, पण महत्त्वाच्या कामाची नोंद पक्की. म्हणजे शिस्त होतीच, आणि कडक होती. फक्त ती त्या कामासाठी बेतून शिवलेली होती. तुम्हाला मिळाला तो दुसऱ्याच्या मापाचा अंगरखा.

मी स्वतः ३० वर्षं मोठ्या संगणक कंपन्यांमध्ये काढली. आयबीएमच्या पीसीची गोष्टही अशीच. १९८० मध्ये बिल लो यांनी वरिष्ठांना वर्षभरात यंत्र देतो म्हणून शब्द दिला, फ्लोरिडात बोका रेटनला गट बसवला, पुढे डॉन एस्ट्रिज यांनी तो चालवला आणि १२ ऑगस्ट १९८१ ला पीसी जाहीर झाला. प्रोसेसर इंटेलचा, ऑपरेटिंग सिस्टिम मायक्रोसॉफ्टची. ज्या कंपनीत आपले भाग आपणच बनवायचे असा रिवाज, तिथे बाहेरून घ्यायची मुभा मिळाली. विक्रीही सिअर्स आणि कॉम्प्युटरलँडच्या दुकानांतून. वळचण, तुमच्या टीमला अशा कोणत्या मुभा लेखी मिळाल्या होत्या?

वळचण

लेखी एकही नाही. तोंडी सगळ्या.

नवशिकी

मी एका मोठ्या कंपनीच्या इनोव्हेशन सेलमध्ये गेल्याच वर्षी लागले, म्हणून जरा भीत भीत विचारते. हे सगळं वाचून असं वाटतं की मूळ कंपनीपासून जितकं लांब तितकं चांगलं. पण मग झेरॉक्सने पालो अल्टोला पार्क ही प्रयोगशाळा मुख्यालयापासून लांबच तर बसवली होती ना? आणि तिथलं सगळं इतरांनीच नेलं असं आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं.

जुना_टर्मिनल

भिऊ नका हो, प्रश्न अगदी नेमका आहे. पण ‘सगळं इतरांनी नेलं’ हे खरं नाही. पार्क १९७० ची. तिथेच गॅरी स्टार्कवेदर यांचा लेझर प्रिंटर तयार झाला, १९७७ मध्ये तो झेरॉक्स ९७०० म्हणून बाजारात आला, मिनिटाला १२० पानं छापायचा. त्या एका धंद्याने पुढे अब्जावधी डॉलर मिळवून दिले आणि प्रयोगशाळेचा खर्च कितीतरी पटींनी वसूल झाला.

आता हा का जमला आणि बाकीचे का नाही ते बघा. लेझर प्रिंटर झेरॉक्सच्या जुन्या धंद्यासारखाच होता. तेच ग्राहक, तेच विक्रेते, पानामागे पैसे घ्यायची तीच सवय. १९७३ चा आल्टो संगणक, संगणक एकमेकांना जोडणारं इथरनेट, प्रिंटरला पानाचं वर्णन सांगणारी भाषा, यांना वेगळे ग्राहक आणि पैसे मिळवायची वेगळी रीत लागणार होती. ती शोधायचं काम कंपनीत कुणाचंच नव्हतं. मग इथरनेटवाले मेटकाफ यांनी १९७९ मध्ये थ्रीकॉम ही कंपनी काढली, भाषेवाले वॉरनॉक आणि गेश्की यांनी १९८२ मध्ये अडोबी. संशोधनाला लांबची जागा मिळाली, पण संशोधनानंतरचा धंदा बघायला कुणी नेमलं नाही. म्हणून अंतर किती यापेक्षा पुढे कोण घेणार हे मी आधी विचारीन.

जमाखर्च

मी टेबलाच्या पलीकडचा. एका मोठ्या उत्पादन कंपनीत फायनान्स कंट्रोलर होतो आणि अशा चार अंतर्गत धंद्यांच्या समित्यांवर बसलो. वळचण, तुमच्या लेखात मी मला पाहिलं आणि खरं सांगतो, वाईट वाटलं. आमची बाजूही मांडतो, ती मसुद्याला उपयोगी पडेल.

तुम्ही शून्य भरत होतात तेव्हा तो खर्च कुणाच्या तरी नफ्यातून जात होता. हिशेबाचे नियम असे, की आंतरराष्ट्रीय लेखा मानक ३८ प्रमाणे संशोधनाच्या टप्प्यावरचा खर्च त्याच वर्षी नफ्यातून वजा होतो. विकासाच्या टप्प्यावरचा खर्च मालमत्ता म्हणून दाखवता येतो, पण त्यासाठी सहा अटी पुऱ्या व्हाव्या लागतात. ते काम तांत्रिकदृष्ट्या पूर्ण होऊ शकतं हे दाखवायला लागतं, त्यातून पैसा कसा येईल ते दाखवायला लागतं. नव्या धंद्याला सुरुवातीला हे शक्यच नसतं. त्यामुळे तुमचा प्रत्येक पगार कुठल्यातरी विभागप्रमुखाच्या तिमाहीत दिसतो. तिमाही वाईट जाऊ लागली की तो आधी काय कापेल? ज्याचं नुकसान आज दिसत नाही ते. त्यात दुष्टपणा नाही, त्याचा बोनस तसा बांधलेला आहे.

म्हणून मसुद्यात माझ्याकडून एक गोष्ट हट्टाने घ्या : अशा धंद्याचा पैसा कुठल्याही विभागाच्या पी अँड एलमध्ये (नफातोट्याच्या खात्यात) नको. थेट मुख्याधिकाऱ्याच्या खात्यावर हवा, आणि तिमाहीच्या मधे त्याला कुणी हात लावायचा नाही. शिवाय मूळ कंपनीचा ओव्हरहेड (सामायिक खर्च) या पोरांच्या माथी मारायचा नाही. मी एका नऊ महिन्यांच्या धंद्याच्या खात्यात इमारतीचं भाडं, आयटी आणि कँटीनचा वाटा टाकलेला पाहिलाय. त्यांचा निम्मा ‘तोटा’ तिथूनच आला होता. तो तक्ता मीच सादर केला होता, आणि आज तसा करणार नाही.

बाहेर आकडे केव्हा दाखवायचे हाही कारभाराचाच भाग आहे, त्याकडे लोकांचं लक्ष जात नाही. ॲमेझॉनने क्लाऊडची सेवा २००६ मध्ये सुरू केली, पण तिचे आकडे वेगळे काढून पहिल्यांदा दाखवले ते एप्रिल २०१५ मध्ये. नऊ वर्षं ते ‘इतर’ या सदरात होते. स्पर्धकांना अंदाज आला नाही, आणि भागधारकांनाही त्या आकड्यांवर दर तिमाहीला बोट ठेवता आलं नाही. उलट गूगलची पालक कंपनी अल्फाबेटने २०१५ ची पुनर्रचना झाल्यावर ‘अदर बेट्स’ म्हणून नव्या धंद्यांचा तोटा उघड मांडायला सुरुवात केली. त्याने मूळ धंदा किती भक्कम आहे ते स्वच्छ दिसलं, पण नव्यांवर दर तिमाहीला प्रकाश पडू लागला. दोन्हींची किंमत असते. मला विचाराल तर पहिली काही वर्षं सावली बरी.

पैसा हप्त्यांनी द्या, हे सगळेच सांगतात. हप्ता कशावर सुटणार ते महत्त्वाचं. ‘सहा महिने झाले’ म्हणून सोडला तर तो पगार झाला. ‘दहा ग्राहकांनी पैसे देऊन तीन महिने वापरलं’ यावर सोडला तर त्याला अर्थ आहे.

स्पॅनर

मला उलटा अनुभव आहे. आम्हाला पूर्ण मोकळीक होती. स्पॉन्सर खुद्द अध्यक्ष, त्यामुळे कुणी प्रश्नच विचारायचं नाही. चार वर्षं. वेगळी इमारत, चांगली उपकरणं, सगळे आमच्याकडे कौतुकाने बघायचे. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी आम्हा इंजिनिअरांना कळलं होतं की आम्ही बनवत होतो त्या मेंब्रेनचं (पातळ पडद्याचं) आयुष्य गिऱ्हाइकाला परवडेल एवढं होणार नाही. सांगणार कुणाला? अध्यक्षांना सांगायचं म्हणजे त्यांचा निर्णय चुकला असं म्हणायचं. मग आम्ही अजून एक चाचणी, अजून एक चाचणी करत राहिलो. अध्यक्ष निवृत्त झाले त्याच्या सहाव्या आठवड्यात सगळं आवरलं.

माझी दोन वर्षं त्यात गेली, ३४ ते ३६. कुणी वेळेवर बंद केलं असतं तर मी त्याचे आभार मानले असते.

वळचण

स्पॅनर, हे वाचून थांबले जरा. आम्हाला प्रश्न चुकीचे विचारले गेले आणि तुम्हाला विचारलेच गेले नाहीत. परिणाम तोच. मग बंद करायचं कसं ठरवावं? कुणी हे नीट केलेलं पाहिलंय का?

स्पॅनर

नंतर शोधलं तेव्हा सापडलेलं एक उदाहरण मला पटलं. अल्फाबेटच्या ‘एक्स’ या प्रयोगशाळेत फॉगहॉर्न नावाचा प्रकल्प होता, समुद्राच्या पाण्यापासून इंधन बनवायचा. त्यांनी सुरुवातीलाच आकडा लिहून ठेवला होता, की पाच वर्षांत गॅलनला ५ डॉलरपर्यंत येता येईल असं दिसत नसेल तर बंद. रसायनशास्त्र जमलं. खर्च त्या आकड्यापर्यंत येईना. तेव्हा टीमनेच बंद करायचं सुचवलं, आणि त्याबद्दल टीमला बोनस मिळाला.

यातली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे आकडा आधी लिहिला होता. उत्साह असताना. माणूस चार वर्षं त्यात गुंतल्यावर आकडा लिहायला बसला तर तो हात राखून लिहितो, मीही तेच केलं असतं. आणि दुसरं, बंद करणाऱ्याचं नुकसान होत नाही हे बाकीच्या टीमांनी डोळ्यांनी पाहिलं.

मुखत्यार

कायद्याच्या बाजूने थोडं. मसुद्यात पहिल्याच पानावर प्रश्न येईल : विभाग ठेवायचा की उपकंपनी काढायची? लोक याला कागदपत्रांचा प्रश्न समजतात. पण उपकंपनी काढली की तिचं स्वतःचं संचालक मंडळ येतं, बँक खातं येतं, सही करायचा अधिकार येतो, व्हेंडर नेमायचे स्वतःचे नियम येतात. तुमच्या अकरा आठवड्यांपैकी बहुतेक तिथेच वाचले असते. त्याच्याबरोबर अनुपालनाचं ओझंही येतं, आणि मूळ कंपनीशी होणारा प्रत्येक व्यवहार संबंधित पक्षांमधला म्हणून रास्त दराने दाखवावा लागतो. नऊ माणसांना ते पहिल्या वर्षी जड जातं. माझा सल्ला असतो की पैसे देणारा पहिला बाहेरचा ग्राहक मिळेपर्यंत विभाग, नंतर उपकंपनी. फक्त बदल कोणत्या खुणेवर होणार ते आजच लिहा.

वेगळी कंपनी काढल्याने सगळं सुटतं असं मात्र नाही. सोनीत केन कुतारागी यांच्या गेम कन्सोलला आतून मोठा विरोध होता. त्या वेळचे अध्यक्ष नोरिओ ओगा यांनी त्यांना मुख्यालयातून हलवून सोनी म्युझिकच्या छायेत बसवलं. नोव्हेंबर १९९३ मध्ये सोनी आणि सोनी म्युझिक यांनी मिळून सोनी कॉम्प्युटर एंटरटेनमेंट स्थापन केली आणि डिसेंबर १९९४ मध्ये प्लेस्टेशन बाजारात आला. इथे नुसतं अंतर ठेवलं नव्हतं, शेजार निवडला होता. संगीतवाल्यांना डिस्क छापायच्या, वितरकांकडे पोचवायच्या आणि कलावंतांशी करार करायचे हे सगळं ठाऊक होतं, आणि गेम बनवणाऱ्यांशी वागताना नेमकं तेच लागतं. वळचण, तुमच्या समितीत सुट्या भागांचे प्रमुख बसवले. टीमला सर्व्हिस विभागाच्या शेजारी बसवलं असतं तर?

आता उलटं उदाहरण. जनरल मोटर्सने १९८५ मध्ये सॅटर्न ही वेगळी उपकंपनी जाहीर केली. टेनेसीत स्प्रिंग हिलला स्वतःचा कारखाना, कामगार संघटनेशी स्वतःचा वेगळा करार, विक्रेत्यांची वेगळी साखळी. पहिली गाडी १९९० मध्ये आली आणि ग्राहकांनी डोक्यावर घेतली. पण पुढच्या गाड्यांसाठी पैसा मागायची वेळ आली तेव्हा बाकीचे विभाग आधीच चिडलेले होते, आणि नव्या जातीची दुसरी गाडी यायला १९९९ उजाडलं. मग हळूहळू सगळं मूळ प्रवाहात ओढलं गेलं. वेगळा कामगार करार २००४ मध्ये संपला आणि २०१० मध्ये सॅटर्नच संपली. स्वतंत्र होती, पण जिथे पुढचा पैसा वाटला जातो त्या टेबलावर तिची बाजू लावून धरणारं कुणी उरलं नव्हतं. लांब बसवणार असाल तर मुख्यालयात तुमचा एक माणूस हवा, आणि तो बदलला तर त्याची जागा कोण घेणार हेही लिहिलेलं हवं.

नवशिकी

आणि शेअर? बाहेरच्या स्टार्टअपमध्ये संस्थापकाला हिस्सा मिळतो. आम्हाला पगारच. आमच्यातले दोघे याच कारणाने गेले.

मुखत्यार

याचाही प्रयोग झाला आहे, पुन्हा झेरॉक्सनेच केला. १९८९ मध्ये त्यांनी ३ कोटी डॉलरचा झेरॉक्स टेक्नॉलॉजी व्हेंचर्स हा निधी काढला. मूळ धंद्यात न बसणाऱ्या कल्पनांच्या वेगळ्या कंपन्या करायच्या आणि त्या चालवणाऱ्यांना त्यात हिस्सा द्यायचा. त्यातून डॉक्युमेंटम निघाली आणि १९९६ मध्ये तिचे शेअर खुल्या बाजारात आले. पैशाच्या दृष्टीने निधी उत्तम चालला. तरी झेरॉक्सने तो गुंडाळला. एकाच कंपनीत शेजारच्या टेबलावरच्या माणसाला शेअरमुळे घबाड मिळतं आणि आपण त्याच्याइतकंच राबून पगारावर, हे बाकीच्यांना सोसत नाही. मूळ संस्थेचं मन राखणं हासुद्धा कारभारच आहे.

म्हणून मी खऱ्या शेअरऐवजी आभासी शेअर (मालकी नाही, पण किमतीच्या वाढीइतके पैसे) किंवा टप्प्याशी बांधलेला बोनस सुचवतो. त्याचबरोबर जोखीमही थोडी दोन्ही बाजूंना हवी. नोकरीची पूर्ण हमी आणि वर संस्थापकाचा हिस्सा, असं दोन्ही मागितलं तर बाकीच्यांचा राग मला समजतो.

हजेरीपट

मी एचआरमध्ये आहे. जोखीम नाही असं म्हणणाऱ्यांना मला अप्रेझलचा कागद दाखवावासा वाटतो. आमच्याकडे अशा टीममधल्या एका फार हुशार मुलाला सलग दोन वर्षं खालचा बँड मिळाला, कारण बेल कर्व्ह (ठरावीक टक्के लोकांना वरचा, ठरावीक टक्क्यांना खालचा बँड द्यायची पद्धत) विभागवार बसवायची आणि त्याचा ‘विभाग’ होता पाच जणांचा. पाचांत कुणीतरी खाली जाणारच. इन्क्रिमेंट गेलं, बढतीची रांग चुकली. प्रकल्प संपल्यावर तो जुन्या विभागात परत गेला तेव्हा त्याचा कनिष्ठ त्याचा साहेब झाला होता. त्यानंतर कंपनीने पुढच्या टीमसाठी नावं मागवली तेव्हा फॉर्म किती आले असतील याची कल्पना करा.

म्हणून मला आयबीएमचा दुसरा प्रयोग फार आवडतो. १९९९ मध्ये कंपनीचे तेव्हाचे प्रमुख गर्स्टनर यांच्या वाचनात आलं की तिमाहीचा आकडा गाठण्यासाठी एका विभागाने होतकरू नवा प्रकल्प कापलाय. ते फार चिडले. त्यातून २००० मध्ये ‘उभरत्या व्यवसायसंधीं’ची पद्धत सुरू झाली. त्यांनी या धंद्यांच्या प्रमुखपदी होतकरू तरुणांऐवजी मुरलेली, मोठे विभाग चालवलेली माणसं नेमली. रॉड ॲडकिन्स यांच्याकडे ३५ हजार माणसांचा युनिक्स संगणकांचा धंदा होता. त्यांना एका नव्या धंद्यावर बसवलं जिथे हाताखाली एकही माणूस नव्हता. त्यांना वाटलं आपल्याला काढूनच टाकलंय. पण तिथे ते यशस्वी झाले आणि पुढे वर चढले, त्यामुळे कंपनीत संदेश गेला की हे काम शिक्षेचं नाही. अशा माणसाचा फोन परचेसवाला लगेच उचलतो, हाही मोठा फायदा.

आढावा दर महिन्याला, पण नफ्यातोट्यावर नाही तर ठरलेल्या टप्प्यांवर. धोरणाचे प्रमुख स्वतः बसायचे. २००० ते २००५ मध्ये असे २५ धंदे सुरू झाले, तीन बंद केले, आणि त्यांनी कंपनीच्या विक्रीत सुमारे १५ अब्ज डॉलरची भर घातली. जुन्या कंपनीत हे जमू शकतं.

जमाखर्च

हजेरीपट, तुमच्या ‘पाचांत बेल कर्व्ह’वरून आठवलं. जॉन्सन यांच्या १४ नियमांतला शेवटचा असाच आहे ना? पगार हाताखाली किती माणसं यावर नको, कामावर हवा.

जुना_टर्मिनल

हो, चौदावा. १९४३ मध्ये सुरू झालेल्या त्या गटाला हे कळलं होतं, आणि आपण अजून हेडकाउंटवर ग्रेड ठरवतो.

वळचण

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन दिवस मसुदा फाडून नव्याने लिहितेय. मुख्य बदल सांगते.

समिती सातांवरून तिघांवर आणलीय. मुख्याधिकारी, एक बाहेरचा माणूस ज्याने स्वतः धंदा उभा केलाय, आणि फायनान्सचा एक जण. ज्यांचा धंदा या नव्या धंद्याने कमी होऊ शकतो त्यांना समितीत जागा नाही. त्यांचं म्हणणं ऐकायला तीन महिन्यांतून एक बैठक आहे, आणि तिथे त्यांनी म्हणणं लेखी द्यायचं आहे. रिव्ह्यूचा तक्ता बदललाय. विक्री-मार्जिन पहिल्या पैसे देणाऱ्या ग्राहकानंतरच. त्याआधी तीनच प्रश्न : मागच्या वेळी काय खरं आहे असं धरलं होतं, काय निघालं, आणि पुढचं काय तपासणार.

मुभांची यादी लेखी आहे, जुना_टर्मिनल यांच्यामुळे. ठरावीक रकमेपर्यंत एकच कोटेशन, आणि ताळेबंदाऐवजी समितीच्या एका सदस्याची सही. सुरक्षितता, ग्राहकाच्या डेटाची गोपनीयता आणि लाचविरोधी नियम यांत कुठलीही सूट मागितलेली नाही. कुणी मागितली तरी मी देणार नाही. सेन्सर चुकीचा बसला आणि मशीनजवळच्या माणसाला इजा झाली तर ‘आम्ही स्टार्टअप होतो’ हे उत्तर कुणाला द्यायचं?

बंद करायची खूण पहिल्याच पानावर आहे, आकड्यात. टीमने स्वतः लिहायची आणि समितीने मंजूर करायची. ‘होल्ड’ हा शब्द मसुद्यात नाही. चालू आहे किंवा बंद आहे.

मुखत्यार, सर्व्हिस विभागाच्या शेजाराबद्दल तुम्ही म्हणालात ते माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. टीमची जागा तिथे मागितलीय. सर्व्हिसच्या प्रमुखांना भेटले तर ते म्हणाले, मागच्या वेळीही मी घेतलं असतं, मला कुणी विचारलंच नाही.

एकाच कलमावर अडलेय. परतीचं. आत्ता असं लिहिलंय : ‘प्रकल्प बंद झाल्यास टीमच्या प्रत्येक सदस्याला ९० दिवसांच्या आत शक्यतो मूळ पदाच्या तोडीचं पद दिलं जाईल, आणि त्या काळातलं अप्रेझल समिती करेल.’ ठीक वाटतं का?

हजेरीपट

‘शक्यतो’ काढा. त्या एका शब्दामागे माझ्या खात्यातले सगळे लपतील.

स्पॅनर

+१. आणि ‘बंद झाल्यास’ नंतर ‘टीमने स्वतः बंद सुचवल्यासही’ घाला. नाहीतर ते कोणी सुचवणार नाही.

जमाखर्च

त्या ९० दिवसांचे पगार कुणाच्या खात्यावर, तेही लिहा. मुख्याधिकाऱ्याच्या. नाहीतर घेणारा विभाग ‘आमच्याकडे हेडकाउंट नाही’ म्हणेल आणि माणूस लटकेल.

वळचण

तिन्ही बदल केले. ‘शक्यतो’ गेला. आमच्या जुन्या टीममधल्या दोघांना मसुदा पाठवला होता. एकाने एवढंच विचारलं, की यावर सही कुणाची असणार? मुख्याधिकाऱ्यांची, असं सांगितलं, तर म्हणाला, सही झाली की मला कळव, मी फॉर्म भरतो. गुरुवारी बैठक आहे.